वळणारे बाण

शहराचा नवा नकाशा आखणाऱ्या ऑफिसातली नंदिनी आठ दिवस कबाडवस्तीत बसून मीराबाईकडून माल निवडायला शिकली. टिचकीच्या आवाजावरून प्लास्टिक ओळखायचं, नखानं खरवडून तार पारखायची, सगळं मीराबाईनं हौसेनं दाखवलं.

"आन हे पाह्य पोरी, सारं निवडून झालं का जे कोणाच्याच कामाचं नाही ते शेवटी उरते. त्याले गाडीत भराचं आन शहराबाहेर नेऊन टाकाचं."

नंदिनीनं तेही वहीत लिहून घेतलं.

नकाशा तयार झाल्यावर तिनं मीराबाईला सभेला बोलावलं, अगदी पहिल्या रांगेत बसवलं. मीराबाईला वाचता येत नव्हतं, पण भिंतभर पसरलेल्या त्या नकाशातले बाण कळत होते. पाडलेल्या घरांच्या विटा फुटपाथ होऊन परत येत होत्या, बाजारातला सडका भाजीपाला खत होऊन बागेत येत होता, नाल्याचं पाणीसुद्धा फिरून कारंज्यात पडत होतं.

"आता या शहरात काहीही वाया जाणार नाही," नंदिनीचे साहेब म्हणाले. मीराबाईनंही टाळ्या वाजवल्या.

मग तिनं हळूच विचारलं, "पोरी, याच्यात आमची वस्ती कुठी आहे वं?"

नंदिनीनं तिच्याकडे न बघता शहराबाहेर, बुटीबोरीच्याही पलीकडे जाणाऱ्या एका बाणाकडे बोट दाखवलं.

अख्ख्या भिंतीवर तेवढाच एक बाण वळून परत येत नव्हता.