हद्दीपलीकडचा दांडपट्टा

"ही तलवार कुणाची?" कर्नाटकच्या नाक्यावर फौजदार हिरेमठांनी अडवलेल्या जीपमधून लांबलचक पातं बाहेर काढलं.

"तलवार न्हवं साहेब, दांडपट्टा. मर्दानी खेळाचा," हिंदुराव वस्ताद म्हणाले. "कोल्हापुरात आमाला परवानगी हाय की."

"ते तिकडं. इथं कुणाच्या हातात धारेचं हत्यार दिसलं, की हत्यार जप्त आणि माणूस आत."

वस्तादांनी घड्याळ पाहिलं. तासाभरात पलीकडच्या गावी जत्रेत पट्ट्यानं लिंबू कापायचा खेळ होता, आणि पट्ट्याशिवाय खेळायचं काय, फुगड्या?

एवढ्यात फौजदारांनी हौसेनं पट्ट्याच्या मुठीवरच्या लोखंडी खोबळ्यात कोपरापर्यंत हात घातला. तो गुबगुबीत हात आत असा रुतला, की दोन हवालदारांनी ओढूनही निघेना.

"आता हत्यार कुणाच्या हातात दिसतंय, साहेब?" वस्तादांनी हळूच विचारलं.

फौजदारांनी हात वस्तादांपुढं केला. "काढा की हो!"

"घाम आला की निघंल. अन् घामासाठी खेळाय लागतंय. चला जत्रंत. हत्यार पोलिसाच्याच हाती, म्हंजे कायदाबी खूश."

जत्रेत हलगी कडाडली. वस्ताद सांगतील तसे फौजदार असे गरगर फिरले, की त्या वाऱ्यानं देवळावरचा झेंडा उलटा फडकला. हात सुटल्याचं वस्तादांनी लगेच ओळखलं. ते पट्टा घ्यायला पुढं झाले, तर फौजदारांनी तो पाठीमागं लपवला आणि ते लाजत म्हणाले, "थांबा की वस्ताद! तेवढं लिंबू कापायचं शिकवा."