पुढचं पान

निवृत्त शिक्षिका सुनीतीबाई अंध विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचं पुस्तक वाचायला बिबवेवाडीच्या स्टुडिओत येत. तिथला ध्वनिमुद्रणाचा नवा डिजिटल डेक टेपवर उतरलेला आवाज लगेच हेडफोनमध्ये ऐकवायचा. त्यामुळे स्वतःचंच वाक्य त्यांना क्षणभर उशिरा ऐकू यायचं.

त्या दिवशी पान संपलं, म्हणून त्या पाणी प्यायला थांबल्या. हेडफोनमधलं वाचन मात्र चालूच राहिलं.

त्यांनी काचेपलीकडे रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या मच्छिंद्रला हाक मारली. तो दार उघडून तिथेच उभा राहिला.

"पुढचं पान कोणाकडून वाचून घेतलंत? मग मला कशाला बोलावता?"

"पुढची टेप कोरी हाय, बाई. आवाज तुमचाच येतोय."

बाईंनी पान उलटलं. ऐकलेली वाक्यं तिथे जशीच्या तशी छापलेली होती. त्यांची कानशिलं तापली. चाळीस वर्षांत वर्गात त्यांच्यापुढे जाऊन वाचायची कोणाची छाती झाली नव्हती. त्यांनी पुस्तक फाडकन मिटलं.

"आता मी एक अक्षर वाचणार नाही. बघू काय ऐकवतोय तो डेक."

हेडफोन गप्प झाला. मग त्यांचाच आवाज आला, धापा टाकणारा, रडवेला.

"मच्छिंद्र, दार उघडा हो."

दार अजून सताड उघडंच होतं.