रूपलचा पाचवा शब्द

"असा शब्दच नाही," वर्षाराणी बाई म्हणाल्या आणि रूपलच्या पाचव्या शब्दावर त्यांनी लाल फुली मारली.

सातवीच्या वर्गात निवड चालली होती. शेवटी ओ-ई येणारे तीन अक्षरांचे इंग्रजी शब्द लिहायचे आणि पुढे मराठी अर्थ. ज्याचे शब्द जास्त, तो शनिवारी पालघरच्या स्पर्धेला जाणार. सुजितचे चार झाले होते. टो म्हणजे पायाचं बोट, फो म्हणजे शत्रू, वो म्हणजे दुःख, डो म्हणजे हरिणी. रूपलचे तेच चार होते आणि वर पाचवा. आर-ओ-ई, रो. पुढे लिहिलं होतं, गाभोळी.

बाई मूळच्या सांगोल्याच्या. नवऱ्याला तारापूरला नोकरी लागली म्हणून बोईसरला आल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली. माशाच्या पोटातल्या अंड्यांना गाभोळी म्हणतात, हेसुद्धा त्यांना इथे आल्यावर कळलं होतं. तिला इंग्रजीत नाव असेल, ते आपल्याला ठाऊक नसेल आणि जवळच्या किनाऱ्यावरल्या नवापूरच्या मच्छीमाराच्या पोरीला असेल, हे काही त्यांच्या मनाला शिवलं नाही.

"कुठून आणलास गं हा? बापाच्या जाळ्यात सापडला का?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. "बाबांनीच सांगितला," रूपल पुटपुटली. बाईंनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. चार-चार अशी बरोबरी झाली. सुजितच्या कागदावर फुली नव्हती, म्हणून सुजितचं नाव पक्कं झालं.

पालघरला सुजित पहिल्याच फेरीत बाद झाला आणि बाहेर वडापाव खायला पळाला. बाई नुसत्याच बसून राहिल्या. तिसऱ्या फेरीत ओ-ईचे शब्द विचारले. डहाणूकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "रो."

"शाब्बास!" परीक्षक म्हणाले. "रो म्हणजे माशाची अंडी. आपण गाभोळी म्हणतो ना, तीच."

सभागृहात टाळ्या पडल्या. बाईंचे कान तापले. त्यांनी हळूच मोबाइल काढून पाहिलं. शब्द होता, अर्थासकट होता, शोधायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. त्या दिवशीही मोबाइल पर्समध्येच होता, पण शोधून बघावं असं वाटलंच नव्हतं. चूक झाली याची लाज होतीच, पण त्या जाळ्याच्या विनोदाची लाज त्याहून मोठी होती. ती रात्रभर गेली नाही. सकाळी उठून त्यांनी ठरवलं, आज रूपलच्या घरी जाऊन सांगायचं, उद्या वर्गात सांगायचं आणि मोकळं व्हायचं. नवापूरच्या रिक्षात त्यांनी वाक्यसुद्धा घोकून ठेवलं. शब्द बरोबर होता, चूक माझी.

रूपलचा बाप दादू अंगणात जाळं सांधत बसला होता. बाईंना बघून तो गडबडीने उठला, हात लुंगीला पुसले आणि आतून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. त्याची बायको मंजुळा चहा टाकायला वळली. रूपल उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

बाई बोलणार, तोच दादूने हात जोडले.

"बाई, तुमी स्वता आल्या. मना बोलवायचं होतं शालेत, मी आलो असतो. चूक माजी हाय, पोरीची नाय."

"अहो, मी काय म्हणते..."

"नाय, आदी माजं ऐका. पावसाल्यात होड्या बंद असतात ना, तवा मी बोईसरला मच्छीचे खोके भराया जातो. खोक्यावर ती तीन अक्षरं होती. तितल्या सायबाला इचारलं, तो बोलला गाभोली. मना वाटलं, एक तरी इंग्रजी शब्द आपन पोरीला देऊ. कंपनीनं आपलं कायतरी लिवलेलं असंल, आमी अडानी मानसं, आमाला काय कलतं!" त्याचा आवाज खाली आला. "पाच दिस झाले, माज्याशी बोलत नाय ती. बोलली, बाबा, तू मना खोटा शब्द दिला. तुमी एवढं माफ करा."

मंजुळाने चहाचा कप बाईंच्या हातात दिला. रूपल आता सरळ बाईंकडे बघत होती. बाईंचं वाक्य तयार होतं, घोकलेलं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर बाप आणि लेक तिथल्या तिथे एकमेकांशी बोलू लागले असते. पण उद्या शाळाभर झालं असतं की बाईंनाच शब्द येत नव्हता. मुख्याध्यापकांनी विचारलं असतं, पालकांनी विचारलं असतं. नऊ वर्षं त्या इथे इंग्रजीच्या बाई म्हणून मिरवत होत्या. पालघरला काय घडलं, ते त्यांच्याशिवाय इथे कुणालाच माहीत नव्हतं. स्वतःची इतकी किळस त्यांना आजवर कधी आली नव्हती.

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. दादू अजून हात जोडूनच उभा होता.

"असू द्या हो," बाई म्हणाल्या, "चूक काय, कुणाकडूनही होते. मी केलं माफ."