पाठीवर पातेलं

"बंद करायचं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या पडद्यावरचं कासव थांबवलं.

कासव एक पाय उचलून तसंच राहिलं. त्याच्या पाठीवर कवचाऐवजी पातेलं होतं.

"पण आता कुठे चालायला लागलंय ते," तो म्हणाला.

"म्हणूनच आज सांगतेय. धावायला लागल्यावर सांगितलं असतं, तर तुला जास्त लागलं असतं."

मोबाइलवरचा हा खेळ त्यानेच सुचवला होता. एका कासवाचं कवच हरवतं, आणि मग हाताला लागेल ते पाठीवर घेऊन ते हिंडत राहतं. पातेलं घेतलं की पाण्यावर तरंगतं, बूट घेतला की उड्या मारतं. घाबरलं की मात्र त्याला शिंक येते, पाठीवरचं घरंगळून पडतं आणि खेळणाऱ्याची धांदल उडते. सगळं जमत आलं होतं. शिंक तेवढी अजून मनासारखी होत नव्हती.

खेळ अर्ध्यात बंद पडणं त्याला नवं नव्हतं. एक खेळ साहेब बदलले म्हणून गेला, कारण नव्या साहेबांना जुन्या साहेबांचं काहीच नको होतं. दुसरा इतका वाढत गेला, की संपवायचा कुठे हेच कुणाला कळेना. त्या दोन्ही वेळी तो घरी जाऊन मस्त झोपला होता. पण हे कासव त्याच्या लेकीचं होतं. रोज सकाळी बुटाची नाडी बांधून घेताना ती कासवाची गोष्ट पुढे सरकवायची. तिच्या खडूच्या चित्रातलं तिरकं कासव त्याने खेळाच्या पहिल्याच पडद्यावर गुपचूप घातलं होतं. पूर्ण झाला की काही न बोलता खेळ तिच्या हातात द्यायचा, एवढंच त्याचं ठरलेलं.

"पण का?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या एका कंपनीत हाच खेळ चाललाय. आपल्या ओळखीतल्या एकाने पाहिला. कवच हरवलेलं कासव, पाठीवर पातेलं."

"शिंकतं?"

"शिंकतं. शिंक ऐकून खोलीतले सगळे हसले म्हणे." मॅडमनी चष्मा काढून उगाचच पुसला. "ते आपल्या पुढे आहेत. मागून येणाऱ्याला लोक नकलाकारच म्हणणार. तू बाहेर कुठे बोलला नाहीस ना?"

"घरीसुद्धा नाही."

ते अगदी खरं होतं. त्याची बायको दुसऱ्या एका कंपनीत आवाज तयार करायची. पावलांचे, दारांचे, फुटणाऱ्या काचांचे. कधी सिनेमासाठी, कधी जाहिरातीसाठी. गुप्ततेच्या कागदांवर दोघांच्याही सह्या होत्या. म्हणून लग्न झाल्या झाल्या घरात नियम ठरला होता: ऑफिसचं बोलेल त्याने आठवडाभर भांडी घासायची. भांड्यांचा कंटाळा दोघांना सारखाच, त्यामुळे नियम टिकला. ती स्वयंपाकघरात काहीबाही आपटत बसली तरी तो विचारायचा नाही. घरातल्या प्रत्येक भांड्याला पोचा होता.

संध्याकाळी तो लेकीला शाळेतून आणायला गेला. तिला घरात टकळी म्हणत. तिचं तोंड मिटलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं.

"टकळे, कासवाची गोष्ट कुणाकुणाला सांगितलीस गं?"

"सगळ्यांना! बाईंना, बसवाल्या काकांना, अख्ख्या वर्गाला. दाताच्या डॉक्टरांनापण."

"त्यांना कशी सांगितलीस?"

"आ करायच्या आधी अर्धी, आणि चूळ भरल्यावर अर्धी."

त्याला हसू आलं. चोर शोधायचा म्हटलं, तर अर्धं गाव पकडावं लागलं असतं.

"बाबा, त्याला कवच परत मिळतं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाहीये."

"सावकाश ठरव," तो म्हणाला. "आता काही घाई नाही."

घरी बायको गप्प गप्प होती. महिनाभर तिच्या शिंका चालल्या होत्या, त्याही जास्त करून दार लावून. त्याने आणलेली सर्दीच्या औषधाची बाटली अजून सीलबंद होती. आज मात्र ती एकदाही शिंकली नाही. बरी झाली एकदाची, असं त्याला वाटलं.

जेवणं झाली. टकळी आतल्या खोलीत पळाली. त्याला काही राहवेना. नियम गेला खड्ड्यात, असं ठरवून त्याने ताटं उचलली.

"आजपासून भांडी मी घासणार," तो म्हणाला.

"नाही, मी घासणार," तीही त्याच दमात म्हणाली.

तिने ताटांची दुसरी बाजू धरली.

"आधी तू बोल," तो म्हणाला.

"आमचं एक काम बंद पडलं आज. फार जीव लावला होता रे मी त्याला."

"कसलं काम?"

"तोंडाने सांगून नाही कळायचं. थांब."

तिने ओट्यावरचं रिकामं पातेलं घेतलं, कमरेत वाकून पाठीवर पालथं ठेवलं, डोळे गच्च मिटले आणि अशी काही शिंकली, की आतून टकळी खिदळली. पातेलं घरंगळत त्याच्या पायाशी आलं.

"आपल्या टकळीचं कासव," ती सरळ होत म्हणाली. "मीच सुचवलं होतं आमच्या खेळ करणाऱ्यांना. एकदम पडद्यावर दाखवून चकित करणार होते तुम्हा दोघांना."

"मग... बंद का केलं?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या कुठल्याशा कंपनीत अगदी हेच चाललंय म्हणे, आणि ते आमच्या पुढे आहेत. चोर मेले! हं, आता तुझं सांग."

त्याने पायाशी पडलेलं पातेलं उचललं, कमरेत वाकला, आणि हळूच आपल्या पाठीवर ठेवलं.