मागलं दार

प्रमोदिनी तिसऱ्यांदा पायरीपर्यंत आली आणि याही खेपेला तिनं पिठाची गिरणी कुठे आहे, ते विचारलं.

शैलानं हात करून दाखवलं. गिरणी चार घरं सोडून होती आणि भाऊ मास्तरांची ही सून चार वर्षं तिथूनच दळण आणत होती. पिठाचा डबा कमरेवर घेऊन ती निघून गेली. भुवया कोरायचा दोरा शैलाच्या बोटांत तसाच गुंडाळलेला राहिला.

पुढल्या खोलीत पार्लर थाटून नऊ दिवस झाले होते. पाटी रंगवून घेतली होती: शैला ब्युटी पार्लर, फक्त महिलांसाठी, आणि खाली हौसेनं, स्थापना मार्च १९९१. कल्याणच्या क्लासमधल्या मॅडमनी बजावलं होतं की दुकान रस्त्यावरून लख्ख दिसलं पाहिजे. म्हणून शैलानं दाराचा पडदासुद्धा काढून टाकला होता. खुर्ची एका बंद पडलेल्या सलूनमधली, लोखंडी, चांगलीच जड. ती दाराच्या अगदी समोर मांडली होती आणि नऊ दिवसांत तिच्यावर फक्त शेजारचं मांजर बसलं होतं. आज शनिवार. आजही कोणी आलं नाही, तर उद्या बाळाराम या खोलीत सुताच्या कांड्या भरायचं मशीन आणून बसवणार होता. नवरा वाईट नव्हता, सांगितल्यापेक्षा दोन दिवस जास्तच थांबला होता. पण नुसती खुर्ची मांडून खोली किती दिवस अडवायची, असं तो आता रोज विचारत होता.

मागच्या खोलीतला रहाट थांबला. शैलाची सासू ठमाबाई दिवसभर तिथं बसून लूमवाल्यांच्या कांड्यांवर सूत भरायची.

"गेली का?" तिनं आतूनच विचारलं.

"गेली. गिरणी विचारत होती."

"चार वर्सं झाली, तिला गिरणी म्हायत न्हाय व्हय?" ठमाबाई गुडघ्यावर हात टेकत बाहेर आली. "बस त्या खुर्चीत."

"कोण, मी?"

"तूच. बस आनि समोर बघ."

नऊ दिवस शैला त्या खुर्चीच्या मागं उभी होती. आज पहिल्यांदा बसली. समोर रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल. बाकावर शिफ्ट सुटलेले सहा-सात कारागीर बशीतून चहा ओढत होते आणि त्यांच्या मधोमध पेपर उघडून भाऊ मास्तर. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे.

"क्या भाभी, आदमी लोग का भी होता है क्या?" एकानं विचारलं. बाकी हसले. मास्तरांनी पेपर खाली करून एकवार पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

शैलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी साधी गोष्ट आपल्याला दिसू नये, याचा तिला स्वतःचाच राग आला. ती उठली, मागल्या खोलीतली रिकाम्या कांड्यांची एक पिशवी उचलली आणि मागल्या दारानं बोळात धावली.

प्रमोदिनी गिरणीच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. हातातला डबा रिकामाच होता.

"ताई, पुढून नका येऊ. बोळातून या, मागल्या दारानं."

"परवा नणंदेचं लग्न आहे हो," प्रमोदिनी घाईघाईनं म्हणाली. "ठाण्याच्या सगळ्या जावा येणार, नटूनथटून. पण मामंजी तिथंच बसलेले असतात. आणि बोळात कुणी विचारलं तर काय सांगू?"

"कांड्या द्यायला आले म्हणायचं. आमच्याकडं दिवसभर बाया तेवढ्यासाठीच येतात." शैलानं पिशवी तिच्या हातात दिली.

मास्तरांच्या घरात कोणी कधी सुताला हात लावला नव्हता. प्रमोदिनीनं पिशवी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली. बोळातून येताना नळावरच्या दोघीतिघींनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या हंड्यांकडे. दाराशी आल्यावर मात्र ती उंबऱ्याबाहेर थबकली.

ठमाबाईनं रहाटावरून मान वर केली.

"भाऊ मास्तरांची सून ना?"

"हो."

"माजी आय तुमच्या आजेसासूच्या मागल्या दाराशी उभी राहायची. सनाच्या दिवशी. पोळी वरून टाकायच्या पदरात, शिवाशिव नको म्हनून."

प्रमोदिनीची मान खाली गेली. नऊ दिवसांनी एक बाई दारात आली होती आणि आता तीही जाणार, असं शैलाला वाटलं.

"म्हनून सांगते, शैला," ठमाबाई पदराला हात पुसत उठली. "हिला उभी नको ठेवू. खुर्ची आन आत. चल, एका बाजूनं मी धरते."

दोघी पुढल्या खोलीत गेल्या. खुर्ची ओढताना फरशी किंचाळली. समोरच्या बाकावरचं कोणीतरी काहीतरी बोललं, पण शैलाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाळारामाला सांग, मशीन इथं पुढंच लाव," सासू धापा टाकत म्हणाली. "चांगलं खडखडू दे. तुज्या बाया आतून आई गं करतील, ते रस्त्यावर ऐकू जायला नको."

शैलाला हसू फुटलं आणि हातातला जोरच गेला. खुर्ची मधल्या दाराच्या चौकटीत अडकली. पुढंही जाईना, मागंही येईना.

तेव्हा प्रमोदिनीनं कांड्यांची पिशवी खाली ठेवली, उंबरा ओलांडून आत आली आणि खुर्चीची तिसरी बाजू धरली.