ठेवलेला दात

"एकही दात ठेवण्यासारखा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हातारा ठार बहिरा, म्हणून मुलीनं ते पाटीवर लिहून दाखवलं.

बंदुकीचे दस्ते घडवण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं वरचा एक पिवळा दात बोटानं झाकला. "बाकीचे काढा. हा राहील."

"बाबा, एका दातानं काय चावणार?" मुलीनं लिहिलं.

"चावायचंय कोणाला?"

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले.

आठवड्यानं म्हातारा सुजलेल्या तोंडानं, मुलीला घेऊन कामावर आला. एक नेमबाज बाई दोन फळ्या घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांसारखा अक्रोडाचा नको, रायफलला चिंचेचाच दस्ता हवा, हा त्यांचा हट्ट. चिंच दिसायला देखणी, पण आतून कधी दगा देईल सांगता येत नाही.

म्हाताऱ्यानं पहिल्या फळीची कड त्या दाताला टेकवली, डोळे मिटले आणि दुसऱ्या टोकावर हातोडीनं हलकेच ठोकलं.

"हिच्यात आत भेग आहे."

दुसरी टेकवली, ठोकली. चेहरा खुलला. "हिचा करू."

"वरून तर दोन्ही सारख्याच दिसतात. तुम्हाला कसं कळलं?" बाईंचा प्रश्न मुलीनं पाटीवर लिहिला.

"ऐकलं," म्हातारा म्हणाला आणि रंधा शोधायला लागला.