फिनलंडचं वारं

"मॅडम होऊन आली. भाजी कोणती करू म्हणून मी कवाची विचारून राहिली, तं नुसती हसते," चेतना पुटपुटली.

सासू, धुरपताबाई, हातभर अंतरावर सुपातले तांदूळ निवडत होती. शेजारच्या चंदाने डोळे मोठे केले. "हळू बोल ना वो. आयकून राहिली ते."

"आयकू दे."

धुरपताबाईने एक खडा वेचून बाजूला टाकला. कपाळावर आठीसुद्धा नाही.

"पाय बरं," चंदा कौतुकाने म्हणाली, "पहिलेची असती तं तुया माहेरापर्यंत गेली असती. तिकडं राग गिळाले शिकवतेत वाटते."

लेकीकडे, नीतूकडे फिनलंडला हिवाळाभर राहून धुरपताबाई तिरोड्याजवळच्या आपल्या गावी परतली, तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. लोकांना सगळं जाणून घ्यायचं होतं. तिनेही भरभरून सांगितलं.

"बर्फ पडते ना, तं आवाजच नाही. गाड्या जातेत, आवाज नाही. लोकं बोलतेत तं नुसते ओठ हालतेत. कोनी कोनावर वरडत नाही."

"अन् धान होते का वो मावशी तिकडं?" मागून मंगरूने विचारलं.

"बसमंदी कोनी कोनाजवळ बसत नाही," ती म्हणाली.

आपला सवाल अगदीच गावंढळ झाला असं मंगरूला वाटलं. तो मागच्या मागे सरकला.

मग एकेक दिसू लागलं. ती बिनदुधाचा चहा पिई. आपला कप आपणच विसळी. दिवसाढवळ्या खोलीचं दार लोटून बसे. दूधवाल्याला थँक्यू, भाजीवालीला थँक्यू. तुमच्या बकरीने आमचा वाल खाल्ला म्हणून भांडायला आलेल्या बाईलाही थँक्यू. ती बाई गोंधळून परत गेली.

संध्याकाळी ती रस्त्याने फिरायला जाई, अगदी मधोमध. मागून मंगरूच्या ट्रॅक्टरने हॉर्नवर हॉर्न दिला, तरी बाजूला झाली नाही. शेवटी त्यानेच चाक बाजूच्या धानाच्या बांधीत उतरवलं. "तिकडं हॉर्न वाजवतच नाहीत म्हणे," पानठेल्यावर त्यानेच सगळ्यांना समजावलं. "सवय मोडली असन मावशीची."

"याला कल्चर शॉक म्हणतात, दादा," नीतूने फोनवर भावाला, वीरेंद्रला सांगितलं. "इथं आली तेव्हाही अशीच गप्प झाली होती. आता घरी गेली तं उलटा लागला. वेळ दे तिला." मग म्हणाली, "नाहीच रमली तं माझ्याकडे पाठव. कायमची. कागदपत्रांचं मी बघते."

वीरेंद्रने फोन ठेवला. पूर्वी त्याची स्कूटर वळणावर आली की घरात ताट वाढलेलं असायचं. आता तो पुढ्यात येऊन उभा राही, तेव्हा आई दचकून उठे. माणसाचं मन घरात नसलं की असंच होतं, हे त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

"तुमीच विचारा मायले, इथं राहाचं हाय का नाही ते," चेतना म्हणे.

"तू विचार."

"मी कायले? माय तुमची हाय."

असं करत कोणीच विचारलं नाही.

शेवटी एका रविवारी तो अंगणात स्कूटर धूत होता. मागे ओट्यावर आई तांदूळ निवडत होती. तोंडावर बोलवेना, म्हणून तो पाठ करूनच बोलला.

"माय, तुहं मन इथं लागून नाही राहिलं. मले दिसते. नीतूकडं जाचं असन तं जा. पर रुसून नको जाऊ. तू गेल्यावर या घरात मी कोनासाठी येऊ, तेवढं सांगून जा."

मागून सुपाचा आवाज येत राहिला. सळ्ळ, सळ्ळ. बाकी काही नाही. म्हणजे जायचंच ठरलं, असं तो समजला. फडका त्याच्या हातातच राहिला.

दारातल्या चेतनाला राहवलं नाही. तिने येऊन सासूच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, ते काय म्हणून राहिले?"

धुरपताबाई दचकली. तिने आधी सुनेच्या ओठांकडे पाहिलं, मग मागे वळलेल्या लेकाकडे. "थँक्यू," ती सवयीने हसून म्हणाली.

मग तिला त्याचे डोळे दिसले. तिने सूप खाली ठेवलं.

"तोंड इकडं करून बोल, बाबू. तिकडं कोनाचंच समजत नोतं, तं मले वाटलं बोली परकी हाय. घरी येऊन बी तसंच झालं, तवा समजलं. माहे कान गेले."